पहिलं कोकरू

बिबट्याला अडवणारी जाळी. चाकणच्या कारखान्याचा बिल्ला. गार झालेला चहा.

इंद्रायणी सुट्टीला सासरी, डिंगोरे गावी आली होती. आजवर पेट्रोलच्या गाड्या बनवत आलेली तिची कंपनी म्हणत होती, विजेच्या प्रत्येक गाडीमागे तोटा आहे. इंद्रायणी ज्या लाइनवर विजेच्या गाड्या जोडायची, ती लाइन बंद करायची का, हे सोमवारी ठरणार होतं.

"खरंच तोटा असंल, मामा?"

सासरे बहिरू हसले. "नव्या जाळीचा समदा खर्च पहिल्याच कोकरावर टाकला, तर कोकरू तोट्याचंच दिसनार, पोरी. त्यो धा वर्सांवर वाटायचा."

तिला जरा धीर आला. "तुमी तसंच केलं व्हतं?"

"न्हाई. भ्यालो. त्याच वर्सी मेंढरं इकली."

इंद्रायणीनं कारखान्याचा बिल्ला हातात घेतला.

ती तिथं नोकरीला लागली, त्या दिवशी कारखान्याच्या भिंतींचा रंग अजून ओला होता; कारखानाही त्या जाळीसारखाच नवा होता.