तजेलदार

त्या सकाळी आप्पांनी आधी कोथिंबिरीच्या जुडीला तजेलदार म्हटलं, मग शेजारच्या यल्लव्वानं पाणीवाल्याशी केलेल्या भांडणाला. नंतर आमच्या जुन्या गिऱ्हाईक अहल्याअक्कांची जुनी रेशमी साडी डाळिंबी रंगातून काढून मागच्या ओसरीत वाळत घातली. ही झाली का तजेलदार, असं मी विचारलं. ओल्या कापडाबद्दल रंगाऱ्यानं बोलू नये, म्हणाले, आणि निवलेला चहा तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, झोपेतच, ते गेले.

अंघोळ घालून त्यांना दारात ठेवलं तेव्हा सुनंदाआत्या म्हणाली, "चेहरा बघ, किती तजेलदार दिसतो." कपाळावर पाणी अजून होतं. मला राग आला की बरं वाटलं, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे सुतकात गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावत नाहीत. साडी दोरीवरच राहिली. येणारेजाणारे कमी झाल्यावर मी शब्दकोश काढला. टवटवीत, सतेज, चमकदार. कोथिंबीर या अर्थांत बसत होती, भांडण बसत नव्हतं. आप्पा तर झोपलेल्या मांजरालाही तजेलदार म्हणत. आप्पांनी मला भट्टीपाशी बसू न देता शिकायला पाठवलं; आता कॉलेजात मी मराठीच शिकवते, आणि घरातला रोजचा शब्द मला लावता येईना.

सुतक फिटलं तशा अहल्याअक्का आल्या. मुलीच्या लग्नात त्यांना तीच साडी नेसायची होती. त्यांनी माझे हात हातात घेतले. मग म्हणाल्या, "तुझ्या आप्पांनी तजेलदार म्हटल्याशिवाय मी इथून साडी नेली नाही. आता तू सांग, पुट्टी, पोरी."

"हिला काय विचारता अक्का," आत्या म्हणाली. "हिला पुस्तकाच्या पानाचा रंग तेवढा कळतो."

साडी दारातल्या उजेडात आणून मी उलगडली. नाही म्हणावं तर आप्पांचं शेवटचं काम फसलं. हो म्हणावं तर त्यांचा शब्द मी न समजताच वापरला. काठाजवळ रंग दाट होता. इतके दिवस उन्हाकडे राहिलेल्या भागात तो विटल्यासारखा वाटला, पुन्हा पाहिलं तर नाही वाटला. खरंच विटला होता की तो विटलेला मला हवा होता?

"नाही," मी म्हणाले. "आणखी एकदा रंगात घालायला हवी."

"सरी," अक्का कानडीत बरं म्हणाल्या. "पण घालणार कोण?"

"मी."

आत्या हसायला लागली होती. माझ्याकडे पाहून थांबली. ओसरीतली रंगाची भट्टी थंड पडली होती, तिच्याकडे तोंड करून मी म्हणाले, "आप्पा, मला कॉलेजात जायचं नव्हतं. मला इथं तुमच्याजवळ बसायचं होतं."