इंदूबाईंनी भरलेली बाजू

डोमाजी अमरावतीच्या दवाखान्यातून एकटेच परत आले, त्या दिवशी मला कळलं की इंदूबाई आता येणार नाहीत. मे महिना होता. डोमाजींनी माझं दार उघडलं, इंदूबाईंच्या चपला आत ठेवल्या आणि दार लावून घेतलं. गाडीला काही विचारता येत नाही, मित्रांनो. मोर्शीला मी उभी होते त्या आवारात चार माणसं जमली, त्यांच्या बोलण्यातून मी समजले.

मी एक जुनी सहलीची गाडी आहे. पूर्वी मी लोकांना चिखलदऱ्याला न्यायची. माझ्यात दोन पलंग, एक बेसिन आणि निळे पडदे होते. मुलं माझं फार कौतुक करायची. मग नव्या गाड्या आल्या आणि मी दोन वर्षं एका गॅरेजमागे उभी राहिले. चाकांभोवती गवत वाढलं.

डोमाजी आणि इंदूबाई संत्र्याच्या बागा राखायचे. व्यापारी झाडावरचा माल विकत घेतो आणि तो उतरेपर्यंत राखणदार बागेतच राहतो. दर हंगामात नवी बाग, नवी झोपडी. तीस वर्षं असंच चाललं. "आता घर आपल्यासंगं चालन," असं म्हणून डोमाजींनी मला आणलं आणि भाड्याची खोली सोडून दिली.

माझ्यात ओटा बसला, पाण्याची टाकी बसली. पण उन्हानं पत्रा फार तापायचा. म्हणून डोमाजींनी अकोटहून जिनिंगमधला, सरकी काढलेला कापूस आणला. पत्र्याला आतून कापूस दाबायचा आणि वरून प्लाय बसवायचं, असं ठरलं.

"अवो मायाचे बाबा, पाणी गेलं त्यात म्हंजे?" इंदूबाईंनी विचारलं.

"तू एवढ्या गाद्या शिवल्या. एकीत तरी पाणी गेलं काय?"

"गाद्या मी पावसात उभ्या नाई करत!"

दोघंही हसले. उजवी बाजू डोमाजींनी भरली आणि प्लाय संपलं म्हणून ते अमरावतीला गेले. "ऊन उतरल्याबिगर हात लावू नको," असं जाताना सांगून गेले. इंदूबाईंनी ऐकलं नाही. डावी बाजू त्यांनी एकटीनं भरून काढली. दुपारी तीनच्या सुमारास त्या ओट्याला टेकल्या आणि तिथंच खाली बसल्या. आवारात कुणी नव्हतं. मला हॉर्न होता, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो.

डोमाजी परतले तेव्हा त्या तशाच पडलेल्या होत्या; त्यांनी त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. पुढचं मी सांगितलंच आहे.

महिन्याभरानं डोमाजींनी डाव्या बाजूला प्लाय बसवलं. टपाची एक फट बुजवायची होती, ती त्यांच्या ध्यानात राहिली नाही. पावसाळाभर पाणी झिरपत राहिलं. कापूस कुजू लागला, पत्रा गंजू लागला आणि डोमाजी माझ्यात खोकत झोपू लागले.

दिवाळीच्या तोंडावर त्यांची मुलगी माया अकोल्याहून आली. तिनं आधी ती फट बुजवून घेतली.

"बाबा, काढा तो कापूस. गाडी सडून राहिली. मंग राहसान कोठी?"

"तुह्या मायनं भरला तो."

"मायनंच सांगतलं होतं ना, पाणी जाईन म्हून!"

डोमाजींनी उजवी बाजू उघडली. काळा पडलेला कापूस दोघांनी पोत्यात भरून बाहेर नेला. मग डोमाजी डावीकडे आले. दोन स्क्रू काढले. प्लाय थोडं सुटलं. आत कापूस मुठीमुठीनं दाबलेला होता, कुठं जागा न सोडता. त्यांनी दोन्ही स्क्रू परत पिळले.

"उद्या पाहू," ते म्हणाले. माया दोन दिवस थांबली आणि गेली.

मित्रांनो, वस्तूला ओल लागली तर ती वेळेवर पाहा. आणि उन्हात कुणी एकटं काम करत असेल, तर जाता-येता त्याला हाक मारत जा.

पुढच्या आठवड्यात आम्हाला वरूडच्या बागेत जायचं आहे. माझी उजवी बाजू वाळली आहे. डावी अजून उघडलेली नाही.