शेजारच्या तीन विहिरी

टेपच्या शेवटच्या वीतभरावर खडूची पूड तशीच होती, कोरडी, पांढरीधोप — बोट फिरवलं की बोटाला लागत होती — आणि ती बघत राहिली, कुठेतरी ओलसर रेघ असेल, मागच्या बाजूला असेल, वर येता येता उन्हाने वाळली असेल... पण पाणी लागलं असतं तर खडू भिजून काळपट झाला असता, एवढं तिलाही कळत होतं. गावच्या विहिरी मोजणाऱ्या मावशींनी टेप पुन्हा आत सोडली. ती तळाला टेकली, सैल पडली, वर आली. पुन्हा पांढरी.

"नाहीच मॅडम," मावशी म्हणाल्या. "चार महिने झाले."

"चार महिने? मग तुम्ही नोंद काय करता?"

"काहीच नाही. पाणी लागलंच नाही तर आकडा कुठला लिहू? तो चौकोन रिकामा सोडते. मनाचं काही लिहायची सवय नाही मला."

ती इथे नुसता फोटो काढायला आली होती. दोनशे गावांची जमीन, पाणी, झाडोरा, कुरणं — सगळं एका नकाशावर रोजच्या रोज दिसावं म्हणून दीड वर्ष खपून तिने एक यंत्रणा आखली होती आणि आज चार वाजता तो नकाशा समितीपुढे जायचा होता. ज्या गावावर निळा रंग, म्हणजे पाणी भरपूर, तिथे कारखान्यांना खोल बोअर मारायची परवानगी. समिती आज एवढंच ठरवणार होती. नकाशावर ही विहीर चांगली ठसठशीत निळी होती, म्हणून तर फोटोसाठी हिचीच निवड झाली.

गाडीत बसून दार लावून घेतलं तेव्हा तिला यंत्रणेतला तो नियम आठवला. रिकामी नोंद आली, तर शेजारच्या तीन विहिरींची सरासरी भरावी... हा नियम कोणी लिहिला? दुसरं कोण लिहिणार. मीच. मीच लिहिला आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होऊन कॅन्टीनमध्ये लागोपाठ दोन चहा प्यायले. फॉर्मवर आकड्यासाठी चौकोन ठेवला, आणि 'कोरडी' म्हणून सांगायला जागाच ठेवली नाही, कारण थंडगार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकताना विहीर कोरडी पडू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे मावशी जितक्या प्रामाणिक, तितकी त्यांची विहीर भरलेली. चार महिने त्या बाई खरं सांगत होत्या आणि चार महिने मी त्यांच्या तोंडात शेजाऱ्यांचे शब्द घालत होते.

वाटेत नवऱ्याचा फोन आला.

"संध्याकाळी दादाकडे जेवायला जायचंय. मी हो कळवून टाकलंय."

"मला कधी विचारलंस?"

"सकाळी विचारलं की. तू गप्प होतीस, म्हटलं चालतंय."

त्याचं काही चुकलं असं म्हणता यायचं नाही. माणूस चांगला आहे, आणि वाट बघायचा कंटाळा काय फक्त त्यालाच आहे... तिचं लहानपणापासून हे असंच. कोणी काही विचारलं की प्रश्न आत जायचा, इकडेतिकडे फिरायचा, आणि उत्तर घेऊन बाहेर येईपर्यंत दुसऱ्याच कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं. 'तिला गाणं नको, तिला चित्रकलेला घाला,' असं ताईने परस्पर सांगून टाकलं आणि जिला गायचं होतं ती तीन वर्षं फळांच्या टोपल्या काढत बसली. लग्नाच्या वेळीसुद्धा तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला घरात सहा जण होते, आणि एरवी कशावर एकमत न होणाऱ्या त्या सहा जणांचं नेमकं तेव्हा एकमत झालं. हे सगळं जिच्या अंगावरून गेलं तिने — तिनेच — तो नियम लिहिला. लिहिताना एकदाही हात अडखळला नाही. याचा तिला इतका राग आला की ड्रायव्हरने विचारलं, काच खाली करू का.

ऑफिसात पोचताच तिने तो नियम काढून टाकला. एक ओळ, बस. नकाशा क्षणभर गोठला आणि मग त्यावर ठिकठिकाणी पांढरे डाग उमटू लागले, दहा, वीस, एकेचाळीस. त्यातल्या किती विहिरी कोरड्या, कुठे मोजणारं माणूस आजारी पडलं, कुठे फोनला रेंज नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढंच तो पांढरा रंग सांगत होता, आणि ते खरं होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हे. तिची यंत्रणा मंजूर व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच्या साहेबांची बोलणी खाल्ली होती.

"हे काय? भोकं पडलेला नकाशा घेऊन मी आत जाऊ?"

"भोकं होतीच. मी बुजवली होती."

"मग आजच्यापुरती बुजव की. पुढच्या महिन्यात करू दुरुस्ती."

"पुढच्या महिन्यात बोअर मारून झालेले असतील."

"तू समजून घे जरा. चूक तुझी आहे हे सगळ्यांसमोर येईल. नोकरी जड झालीय का?"

ती बोलली नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे तिच्या वतीने मान डोलावली, "ठीक आहे तर, जुनाच लावू," म्हणत वळलेसुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "जुना लावलात, तर मी आत उभी राहून सांगेन की तो खोटा आहे. खाली माझं नाव आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, जणू कपाटच बोललं.

चार वाजता नकाशा भिंतीवर आला, पांढऱ्या डागांसकट. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला.

"हे पांढरं काय आहे?"

साहेब खाकरले. "ते जरा तांत्रिक..."

"नकाशा माझा आहे, साहेब. मी सांगते."

ती उभी राहिली, आणि नेहमीचंच झालं, शब्द आलेच नाहीत. सात-आठ माणसं तिच्याकडे बघत होती. एकाने घड्याळ पाहिलं. दुसऱ्याच्या ओठांवर तिच्यासाठी काहीतरी सोयीचं उत्तर तयार होताना तिला स्पष्ट दिसलं, आणि तिने नुसता हात वर केला... तो माणूस थांबला. राग होता अजून, स्वतःचासुद्धा, दीड वर्षाच्या कामाचा. सांगायचं होतं ते लाजिरवाणं होतं, आणि सांगितल्यावर हे काम हातात राहील की जाईल, ती एकेचाळीस गावं वगळली जातील की ही मंडळी तरीही शिक्का मारून मोकळी होतील, काही सांगता येत नव्हतं. पण खोली गप्प होती, आणि ती गप्प खोली तिला पहिल्यांदाच अंगावर येत नव्हती. बसू दे त्यांना. मला लागायचा तेवढा वेळ लागेल.