जास्तीचे तीन सेंटिमीटर

मी बोलतेय, शाळेच्या आरोग्य खोलीतली उंची मोजायची पट्टी. दारातून आत आलात की उजव्या हाताच्या भिंतीवर सहा स्क्रूंनी पक्की बसवलेली. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आजवर माझ्यासमोर जे जे उभं राहिलं, त्यातल्या एकावरही मी पटकन विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? भिंतीला पाठ लागली की माणसाला लबाडी सुचते. कुणी मान ताणतं, कुणी टाचा उचलतं, कुणी श्वास कोंडून छाती फुगवतं. एका मुलीने तर केसांचा अंबाडा बरोबर टाळूवर बांधून आणला होता आणि वर तोंड करून म्हणाली, "रोजच असा बांधते मी."

हा स्वभाव बहुतेक मला घडवणाऱ्या सुताराकडून आला. त्याचा लाकडावर काडीचा विश्वास नव्हता. ओल्या लाकडाचं काही खरं नसतं, आज सरळ आणि उद्या वाकडं, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने मला दोन वर्षं माळ्यावर नुसतं वाळत ठेवलं. मग एका पेंटरने माझ्या अंगावर रेघा ओढल्या, काळ्या बारीक, दर दहावी लाल. डोक्यावर टेकवायची एक सरकती फळी बसवली. माझा पहिला आकडा सत्तर. शाळेत येणारं सगळ्यात लहान पोरही त्याहून उंच असणार, मग खाली लाकूड कशाला वाया घालवायचं? शाळेच्या शिपायाने जमिनीपासून बरोबर सत्तर सेंटिमीटर मोजून मला भिंतीवर बसवलं. माझ्याखाली राहिली नुसती कोरी भिंत. तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही.

या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे सिस्टर. बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज खणखणीत. वर्षातून एकदा त्या सगळ्या शाळेची उंची मोजतात. पण मुलांना आत घेण्याआधी चपला काढून स्वतः माझ्यासमोर उभ्या राहायच्या. वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला आकडा वाचायला लावायच्या. "एकशे बावन्न." मग रजिस्टरच्या पहिल्या ओळीत लिहायच्या: तपासणी, १५२. "मी तीच, पट्टी तीच, मग आकडाही तोच यायला हवा," असं त्यांचं साधं म्हणणं. बारा वर्षं तो तोच आला. साऱ्या शाळेत मी मानायचे ते या एका बाईला.

आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या सुट्टीत खोलीत गवंडी आले. जुनी फरशी उखडायचा त्यांना कंटाळा. त्यांनी तिच्यावरच माल पसरला आणि नव्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. दार अडायला लागलं, तेव्हा एका सुताराने त्याची खालची कड कापून टाकली. खोली अशी चकाचक झाली की मलाही उगाच ताठ उभं राहावंसं वाटलं. मला कुणी हात लावला नाही. कशाला लावतील?

शाळा सुरू झाली. सिस्टर नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. मुलीने वाचलं, "एकशे पंचावन्न."

"नीट बघ गं."

"पंचावन्नच आहे, सिस्टर."

सिस्टरने चष्मा पुसला. पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा पंचावन्न. त्या खुर्चीत बसून बराच वेळ रजिस्टरकडे पाहत राहिल्या. बारा वर्षं आपणच वाकून उभ्या राहत होतो की काय, असं त्या पुटपुटल्या. बाहेर दोनशे मुलं रांगेत गोंगाट करत होती. त्यांनी पहिली ओळ कोरी सोडली आणि हाक मारली, "चला, पहिलीचा वर्ग!" त्यानंतर त्या माझ्यासमोर कधीच उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला. मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या सुट्टीच्या चार-सहा महिने आधीच पीटीच्या सरांनी मैदानात सिंगल बार लावले होते. रोज प्रार्थनेआधी प्रत्येक मुलाने मिनिटभर लटकायचं, म्हणजे उंची वाढते, असं त्यांचं ठाम मत. वर्षअखेरीला त्यांनी रजिस्टर चाळलं आणि खुर्चीतून उडालेच. पाचवीची सरासरी एकशे पस्तीसवरून एकशे अडतीस! सहावी, सातवी, सगळीकडे तीन-तीनने वर. व्हरांड्यात मोठा तक्ता लागला. दुसऱ्या शाळांचे लोक बघायला येऊ लागले. सर त्यांना माझ्यापर्यंत आणायचे आणि माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "ही काही खोटं बोलणार नाही." मी फुगून जायचे. बाहेर मात्र पोरं बारला लटकत होती, तळहात सोलवटत होती, आणि खांदा दुखतो म्हणणाऱ्याला "उंच व्हायचंय ना?" असं ऐकावं लागत होतं.

या सरांची मुलगी याच शाळेत अकरावीत आहे. घरी बाबा, शाळेत सर, असं तिचं शिस्तीत चालतं. अकरावीला एक बाई आहेत, त्या कुणी काहीही सांगितलं की विचारतात, "कशावरून?" मुलं त्यांना कशावरूनबाई म्हणतात. त्यांनी प्रेझेंटेशन द्यायला सांगितलं: आपल्याला माहीत असलेली एखादी गोष्ट घ्या, ती माहीत कशी झाली ते शोधा, आणि तिला प्रश्न विचारा. मुलीने अर्थातच बाबांचा बार घेतला. सर इतके खूश झाले की त्यांनी परस्पर मोठ्या बाईंना सांगून टाकलं, शिक्षण खात्याचे पाहुणे येणार आहेत त्यांच्यापुढेच होऊ द्या. पाहुणे सगळ्या शाळांना बार द्यायचे की नाही ते ठरवायला येणार होते. सरांच्या आठ वर्षांच्या मेहनतीचा तो दिवस.

मुलगी रोज दुपारी खोलीत येऊन रजिस्टरं उघडू लागली. मला ती पहिल्या दिवसापासून खटकली. ती आकडे उतरवून घेत नव्हती, त्यांच्याकडे रोखून बघत होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सिस्टर, त्या वर्षी पहिलीतली मुलंसुद्धा तीन सेंटिमीटरने उंच आहेत."

"मग? चांगलंच आहे की."

"पण त्यांना शाळेत येऊन चारच दिवस झाले होते. त्यांनी बारला हातही लावला नव्हता."

मुलीने मागची पानं उलटली. "आणि हे 'तपासणी' म्हणजे काय? बारा वर्षं एकशे बावन्न, एकशे बावन्न. मग पुढे ओळ कोरीच."

"राहिलं असेल लिहायचं."

"आठ वर्षं?"

सिस्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग चपला काढल्या आणि इतक्या वर्षांनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मुलीने फळी खाली आणली. "एकशे पंचावन्न," ती हळूच म्हणाली.

"या वयात मी वाढणार आहे का गं?" सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच चुकतंय."

दुसऱ्या दिवशी मुलगी स्टीलचा टेप घेऊन आली. मला संताप आला. दोन वर्षं वाळवलेल्या लाकडाला ही पत्र्याची सुरळी तपासणार! तिने माझी प्रत्येक लाल रेघ तपासली. सगळ्या बरोबर निघाल्या. मी मनात म्हटलं, बघ! मग ती गुडघ्यांवर बसली आणि जमिनीपासून माझ्या पहिल्या आकड्यापर्यंत टेप धरला. सदुसष्ट. सत्तर हवे होते. तिने एकदा दाराच्या कापलेल्या कडेकडे पाहिलं, एकदा खालच्या पांढऱ्या टाइल्सकडे, आणि तिथेच फतकल मारून बसली.

मला फार लाज वाटली. टाचांवर, अंबाड्यांवर, साऱ्या जगावर मी संशय घेतला. जमीन तीन सेंटिमीटर वर आली, ते मला कळलं नाही.

सर आले तेव्हा ती तिथेच होती. तिने सगळं सांगितलं. सरांनी टेप हिसकावून घेतला, स्वतः मोजलं, मग खेळाच्या खोलीतून दुसरा टेप आणून मोजलं.

"कुणी शिकवलं तुला हे? त्या कशावरूनबाईंनी?"

"कुणी नाही, सर. रजिस्टरात दिसतंय."

"पोरं वाढलेली मी डोळ्यांनी पाहिलीत!"

"पोरं वाढतातच ना, सर. बार नसता तरी वाढली असती."

सरांचा चेहरा उतरला. "पाहुण्यांपुढे काय सांगायचं ते तुझं तू बघ," म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे चार दिवस वाईट गेले. मुलगी सिस्टरजवळ येऊन रडली. बाबा घरी बोलत नाहीत, मीठ हवं असलं तरी समोर बसलेल्या मला सोडून आईकडे मागतात, असं म्हणाली. ताऱ्यांची नावं कुणी ठेवली असा दुसरा एक विषय तिने लिहून ठेवला होता. "तोच देते," ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "दे. मी काही म्हणणार नाही. मी आठ वर्षं ओळ कोरी ठेवलीय, मी कुठल्या तोंडाने सांगू?" मुलगी तो कागद घेऊन गेली. ती ताऱ्यांवरच बोलणार, याची मला खात्री होती. माणसं सोपी वाट धरतात हे मी पाहत आलेय.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मुलीच्या सांगण्यावरून सगळी मंडळी हॉल सोडून माझ्या खोलीत आली. तीन पाहुणे, मोठ्या बाई, कशावरूनबाई, सिस्टर, आणि दाराशी हाताची घडी घालून सर. मुलगी म्हणाली, "मी एका पट्टीबद्दल बोलणार आहे." तिने पहिलीची मुलं सांगितली, कोरी ओळ सांगितली, टाइल्स सांगितल्या. कुणाला दोष दिला नाही. आवाज दोनदा अडखळला, पण ती थांबली नाही.

एक पाहुणे म्हणाले, "पण उंची वाढली असं तर सरांनीच आम्हाला लिहून कळवलंय. सर, तुमचं काय म्हणणं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मुलीने मान खाली घातली. सरांनी बूट काढले, मोजे काढले, आणि येऊन मला पाठ लावली.

"वाच," ते मुलीला म्हणाले.

"एकशे सत्त्याहत्तर."

"माझी उंची एकशे चौऱ्याहत्तर आहे. नोकरीला लागताना डॉक्टरांनी लिहिलेली." सर पाहुण्यांकडे वळले. "आणि मी स्वतः एकदाही लटकलेलो नाही. नुसता पोरांना लटकवत आलो."

मग दुसऱ्या पाहुण्यांनी चाचरत विचारलं, "म्हणजे बार लावायचे की नाही?" कशावरूनबाई पटकन म्हणाल्या, "कशावरून लावायचे?" आणि सिस्टर हसल्या. बार मिळाले नाहीत. व्हरांड्यातला तक्ता सरांनी स्वतः उतरवला. बार अजून मैदानात आहेत, पण आता ज्याला हौस असेल तोच लटकतो.

काल संध्याकाळी सरांनी मला भिंतीवरून सोडवलं आणि तीन सेंटिमीटर वर बसवलं. मुलीने टेप धरला होता. जुन्या स्क्रूंची भोकं माझ्याशेजारी तशीच उघडी आहेत. काम झाल्यावर सर म्हणाले, "उभी राहा बघू." तिने पाठ टेकवली. मागच्या वर्षीच्या रजिस्टरात ती एकशे साठ आहे.

"एकशे सत्तावन्न," सरांनी वाचलं. मग म्हणाले, "तुझे तीन गेले की."

"गेले नाहीत, बाबा. नव्हतेच."

ती शाळेत त्यांना बाबा म्हणाली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तर अशी मी. रेघा अजून ठळक आहेत, लाकूड सरळ आहे, आणि स्वभाव जायचा नाही. तुम्ही कधी या खोलीत आलात तर माझ्यासमोर जरूर उभे राहा. पण मी सांगितलेला आकडा लिहून घेण्याआधी टेप काढा, खाली बसा, आणि मी कुठून मोजतेय ते बघा. मला राग येईल. तरी बघा.