देवराव मामांचा आकडा

कोकण किनाऱ्यालगत मासे गुदमरून मरतात आणि त्यापायी भिलाईच्या एका माणसाची झोप उडते, असं कोणी सांगितलं असतं तर आनंदरावानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण १९६३च्या सप्टेंबरात झालं तसंच. समुद्राच्या खालच्या पाण्यातला प्राणवायू कुठे किती कमी होतो, ते मोजायला मुंबईहून एक संशोधन जहाज निघणार होतं. त्यांना मोजणारा सराईत हात हवा होता. आनंदराव चार वर्षं पोलाद कारखान्याच्या पाणी-प्रयोगशाळेत तेच करत होता. फरक एवढाच, की बॉयलरच्या पाण्यात प्राणवायू नकोच असतो. राहिला तर नळ्या गंजतात. नागपूरच्या कॉलेजातल्या मास्तरांनी त्याचं नाव कळवलं आणि बोलावणं आलं. बुधवारच्या संध्याकाळची मुंबई मेल पकडली, तरच जहाज मिळणार होतं.

सोडायचं की नाही, ते प्रयोगशाळाप्रमुख चिंतामणी साहेबांच्या हातात. साहेब शेजारच्याच दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"जा की हो दर्यावर," ते म्हणाले. "पण इथलं पाणी कोण बघणार? देवरावला तयार करा. लागोपाठ तीन दिवस त्याचा आकडा तुमच्याशी जुळला, की तुम्ही मोकळे."

देवराव मामा भंडाऱ्याकडच्या खेड्यातले, पन्नाशीला टेकलेले. कारखान्याच्या पायाभरणीत माती वाहायला आले, आकडे गिरवायला शिकले आणि दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत लागले. आनंदराव त्यांच्याच समाजातला, म्हणून त्यांना त्याचा कोण अभिमान!

आणि याच मामांचा आकडा जुळेना. आनंदरावाचा शून्याच्या आसपास, तर मामांचा कधी दोन, कधी तीन. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. आनंदराव त्यांच्या डोक्यावर उभा राहून थेंब मोजायला लावी. मामा थेंब बरोबर मोजत, निळा रंग उडाला की बरोबर थांबत, आणि आकडा पुन्हा चुकलेलाच. शनिवारी आनंदरावाचा तोल गेला.

"मामा, किती डाव सांगू? डोकं गहाण ठेवून आले का?"

"तू सांगतं तसंच करून राहिलो ना बापा," मामा खालच्या आवाजात म्हणाले.

इतक्या मोठ्या माणसाला असं बोलल्याची लाज वाटली, पण राग काही उतरला नाही. रविवारही वाया गेला. आता सोमवार, मंगळवार, बुधवार, एवढे तीनच दिवस उरले.

सोमवारीही आकडा दोन आला. आनंदराव तणतणत मामांना घेऊन खाली बॉयलरपाशी गेला. नमुना घ्यायला त्यानं त्यांना एकदाच शिकवलं होतं. त्यात शिकवण्यासारखं आहे काय, असा त्याचा पदवीधराचा तोरा. नळाची रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायची आणि पाणी वरून वाहू द्यायचं, म्हणजे बाहेरची हवा आत मिसळत नाही. बस्स.

मामांनी बाटली धरली. नळीपासून वीतभर खाली. अंग चोरून, थोडे वाकून, दोन्ही हातांनी. वरून धार पडत होती, बाटलीत बुडबुडे उठत होते, आणि नळीचा काचेला स्पर्श होऊ नये म्हणून मामा जिवापाड जपत होते.

"मामा, अशी खाली कावून धरली?"

मामांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पाणी असंच घेतात ना. लागलं नाई पायजे. एक डाव माह्या लोट्याचा काठ पाटलाच्या बादलीले लागला होता. सारं पाणी फेकलं त्यायनं, अन् मले..."

आनंदरावाची आईसुद्धा विहिरीशी अशीच वाकून उभी राहायची. नागपूरच्या नळाचं पाणी पिऊन तो विसरला होता. सात वर्षांपूर्वी मामांनी धम्माची दीक्षा घेतली, पण हातांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. आणि अशा माणसाला आपण काय बोललो! रागवावं तरी आता कोणावर, तेच त्याला कळेना.

त्यानं मामांचं मनगट धरून बाटली वर नेली, नळी तळाला टेकवली. "लागू द्या, मामा. लागलंच पायजे."

मग तो साहेबांकडे गेला. "साहेब, चूक सापडली. दोन दिवस जुळलं तर सोडा."

"चूक काय होती ते सांगा, मग बघू."

साहेबांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता. त्याला दुसरं कोणी हात लावत नसे. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. खरं कारण सांगून टाकलं असतं तर कदाचित गाडी मिळाली असती. पण मामांचे ते वाकलेले हात या टेबलावर आणून मांडायचे? आनंदरावाची जीभ रेटेना.

"शिकवण्यात माझीच चूक झाली."

"मग तीन म्हणजे तीन," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढले.

मंगळवारी आकडा जुळला. बुधवारी जुळला. संध्याकाळी मुंबई मेल आनंदरावाला न घेताच दुर्गहून निघून गेली.

गुरुवारी मामा आकड्यांच्या तीन चिठ्ठ्या नाचवत प्रयोगशाळेत शिरले. तोंडभर हसू. "जुळलं रे! तीन झाले, मोजून घे. आता साहेब तुले कसा अडवते पाहू! कवाची गाडी हाय तुही?"

आनंदरावानं तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या.

"हाय ना गाडी, मामा," तो म्हणाला, "बसा तुम्ही. आधी पाणी प्या."