रिकामं कोंदण

तिने पातेल्यात हात घातला आणि रिठ्याच्या फेसातून आपलं पदक बाहेर काढलं. चांदीची जाळी लखलखत होती. मधलं कोंदण मात्र रिकामं होतं.

तिने पुन्हा हात घालून तळ चाचपला. खडा कुठेच नव्हता.

"बाबा, हे पाण्यात कुणी टाकलं?"

"मीच." सासऱ्यांनी भिंगावरचा डोळा हलवला नाही. "रिठ्याच्या ऊन पाण्यातून निघाल्याशिवाय आपल्याकडचा दागिना लोकांपुढे जात नाही, सूनबाई. सकाळीच टाकलं. का गं?"

खडा मिठाचा होता. खाणीतून निघालेला, गुलाबी, आपसूक चौकोनी घडलेला. अंगाच्या घामानेही झिजेल, म्हणून जिवापाड जपावा लागेल, असा दागिना तिला करायचा होता. बाळ झाल्यापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. आज दुपारी प्रदर्शनासाठी दागिन्यांची निवड होती. निवड झाली तर घरच्या सराफी दुकानाची दर्शनी काच तिच्या कामाला द्यायची, असं नवऱ्याने वडिलांसमोर कबूल केलं होतं. सासऱ्यांनी तेव्हा हरकत घेतली नव्हती. उलट कोंदण करून खडा त्यांनी स्वतः बसवून दिला, तोही सुरेख.

पण मिठाचं नाव तिने त्यांच्यापुढे काढलं नव्हतं. 'आता साखरेच्या बांगड्याही कर' म्हणून त्यांनी गल्लीभर हसं केलं असतं. "नाजूक दगड आहे, कोरड्या फडक्यानेच पुसा," एवढंच ती म्हणाली होती.

"तो मिठाचा होता, बाबा. माझंच चुकलं. आधी सांगायला हवं होतं."

"अगं बाई! मीठ?" त्यांनी कपाळाला हात लावला. "जाऊ दे. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी जरा टिकाऊ काहीतरी घे."

त्यांच्या आवाजातल्या मायेने तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात कडेवरच्या बाळाने झेप घेऊन सासऱ्यांपुढच्या खड्यांच्या तबकातला एक अकीक उचलला आणि थेट तोंडात कोंबला. तिने बोट घालून खडा बाहेर ओढला, बाळाने भोकाड पसरलं.

सासरे खदखदून हसले.

"आजोबावर गेलाय लबाड! अगं, जिभेला लावल्याशिवाय खडा कोंदणात बसवतच नाही मी. काच असेल तर कोमट लागते, दगड गार. आजवर एकदाही चुकवलं नाही."

बाळ रडायचं थांबलं. पदराने त्याची लाळ पुसता पुसता तिचा हात मध्येच थबकला.

"माझाही लावला होता?" तिने हळूच विचारलं.

सासऱ्यांनी सोनारकामाची फुंकणी उचलून ओठांना लावली आणि ते दिव्याकडे तोंड करून मन लावून फुंकू लागले.

दिवा पेटवलेलाच नव्हता.