हातभर अंतर

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला तीन महिने झाले होते. राहून गेलं म्हणजे टिपणरावांनीच ते राहू दिलं. पत्र जाड शब्दकोशात दडवलं आणि तेव्हापासून शब्द अडला तरी तो कोश उघडला नाही.

टिपणराव हे कचेरीनं ठेवलेलं नाव. निवृत्त होईपर्यंत बियाण्यांच्या चाचणीगृहात त्यांनी तीस वर्षं नोंदवह्या लिहिल्या होत्या. पत्र त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीचं होतं. 'काका, मोहरीच्या नव्या वाणाच्या चाचणीत कुंड्या हातभर अंतरावर होत्या ना? माळ्यांनी दाट लावलेली रोपं अळ्यांनी फस्त केली. मी हे बोलले म्हणून साहेबांनी मला घरी बसवलंय. चौकशीसाठी दोन ओळी लिहून द्याल?'

आज कचेरीचं पत्रक आलं. वाण निर्दोष, नुकसान माळ्यांच्या हलगर्जीपणामुळे, अफवा पसरवणाऱ्या कर्मचारीबाईंची चौकशी सोमवारी. खाली ठळक अक्षरांत: रोपं वीतभर अंतरावर लावा.

"वीतभर!" टिपणरावांनी पत्रक टेबलावर आपटलं.

अक्का, त्यांची थोरली बहीण, शेंगा सोलत होती. "आवाज चढतो म्हणायचा तुझा. काय झालं?"

"शेजारी रोप असलं की त्याच्या पानांवरून उसळलेला उजेड वेगळा असतो. सावली पडायच्या आधीच रोपाला गर्दी कळते. मग ते उंच व्हायच्या मागे लागतं आणि पानात कडू रस भरायचं मागे पडतं. अळीची चंगळ."

"मग झाडच आळशी म्हणायचं."

"आळशी कसलं! उंच झालं नाही तर उजेडाला मुकेल. दोन्हीला पुरेल एवढं बळ आणायचं कुठून त्यानं? आम्ही सुटं सुटं रोप तपासलं आणि गर्दीसाठी अळी न लागण्याची हमी छापली. वर शिव्या माळ्यांना!"

"हातभर अंतर ठेवलं कुणी?"

टिपणराव चष्मा पुसत राहिले. "मी. पाण्याची गाडी मधून जायला हवी होती. चूक नंतर लक्षात आली. साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

"आणि तू काय केलंस?"

"चहा प्यालो."

"बरा गोड लागला?"

त्यांचे कान तापले. राग साहेबांचा होता, पण अर्धा तरी स्वतःचाच. तीस वर्षं पान न् पान जपणाऱ्या माणसाला नेमकं स्वतःच्या चुकीचं पान जड झालं होतं. आणि त्यापायी एक पोर खोटी ठरत होती.

ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर 'बहुधा' तीनदा आलं, 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' दोनदा. अक्कानं खांद्यावरून वाचलं.

"कुंड्या बहुधा हातभर होत्या? तूच मोजल्यास ना रे?"

"मोजल्या."

"मग बहुधा कशाला? साहेबाला पळवाट हवीय म्हणून?"

दुसरा कागद सात ओळींत संपला. कुंड्या हातभर अंतरावर होत्या. अंतर मी ठरवलं, ती चूक माझी. साहेबांना तारखेनिशी कळवलं होतं, त्याची प्रत सोबत आहे. बाई खरं बोलल्या. सोमवारी मी स्वतः हजर राहीन. आणि अगदी खाली: पोरी, उशीर झाला, त्याला सबब नाही.

टपालाच्या खिडकीशी कारकुनानं विचारलं, "आजोबा, साधं की तातडीचं?"

"तातडीचं," टिपणराव म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. शिक्का बसला, पाकीट आतल्या पिशवीत पडलं.